राजाने उशिरा विचारलेला प्रश्न

शास्त्रपाठ : २ शमुवेल, अध्याय १३ ते १८. मननासाठी वचन : २ शमुवेल १८:२९.



महनाइम नगराच्या दोन वेशींच्या मध्ये दावीद राजा बसला आहे. दूर रानात लढाई चालली आहे. कोटावर पहारेकरी उभा आहे. एक मनुष्य धावत येताना त्याला दिसतो, आणि त्याच्या मागून दुसरा. पहिला अहीमास. तो येऊन राजाला जयाची वार्ता सांगतो. राज्य वाचले, शत्रूंचा मोड झाला, देवाने कृपा केली. परंतु राजाला जयाची वार्ता नको आहे. त्याचा एकच प्रश्न आहे: आपला तरुण मुलगा अबशालोम सुखरूप आहे काय? अहीमास उत्तर चुकवितो. मग दुसरा, कूशी, येतो. राजा त्यालाही तेच विचारतो. त्याच्या उत्तरावरून राजा सर्व समजतो आणि वेशीवरच्या माडीत जाऊन धाय मोकलून रडू लागतो.

हा प्रश्न किती प्रेमाचा आहे! अबशालोम बापाच्या जिवावर उठला होता, तरी बापाच्या मुखात त्याच्याविषयी रागाचा शब्द नाही. पण तो विचारला कोणाला, हे पाहा. निरोप्यांना विचारला, मुलाला नाही. आणि तो विचारला केव्हा? ज्याच्याविषयी विचारावयाचे तो मृत झाल्यावर. हाच प्रश्न अबशालोमाला जवळ बसवून काही वर्षांपूर्वी विचारला असता, तर इस्राएलात ती लढाई झाली असती की नाही हे देवाला ठाऊक. परंतु विचारला नाही, एवढे शास्त्रावरून आपल्याला दिसते.

आज मी आईबापांविषयी लिहीत आहे. ज्यांची मुले लहान आहेत त्यांच्याविषयी नव्हे. लहान लेकरू पडले तर रडते, भुकेले झाले तर मागते. ज्यांची मुले मोठी झाली, कमावती झाली, लग्न होऊन स्वतःच्या संसाराला लागली, त्या आईबापांसाठी हे लिहिणे आहे. मोठ्या झालेल्या मुलाचे दुःख मुके असते. आईबापांना ते जाणवते, पण त्याविषयी बोलावे कसे हे त्यांना कळत नाही.

१. आईबापांना कळते.

बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांत आपल्या मंडळ्या खेडोपाडी आहेत. कोणाचा मुलगा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, कोणाचा पुण्यास गाडी चालवितो, कोणाचा साखर कारखान्यावर हंगामी कामगार आहे, कोणाची मुलगी परिचारिका होऊन शहरात राहते. शनिवारी संध्याकाळी मुलगा घरी येतो. आई ताट वाढते. तो अर्धी भाकर खाऊन उठतो. मोबाइल वाजला की उचलून अंगणाबाहेर जातो, किंवा वाजताच बंद करून पालथा घालतो. गेल्या वर्षी घेतलेली मोटारसायकल दिसत नाही. विचारले तर मित्राकडे आहे म्हणतो. सून माहेरी गेली ती दोन महिने झाले तरी परतली नाही. कापणीच्या सणाला तो आला नाही, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी आला तरी मागच्या बाकावर बसून मध्येच उठून गेला.

शेजाऱ्यांना ह्यातले काही दिसत नाही. आईला सर्व दिसते. ती रात्री अंथरुणावर पडून नवऱ्याला म्हणते, "पोराचे काही बरे दिसत नाही." नवरा कूस बदलून म्हणतो, "कामाचा ताण असेल." पण त्यालाही झोप लागत नाही. पहाटेपर्यंत दोघेही जागी असतात, आणि सकाळी मुलगा जावयास निघाला की दोघेही त्याला एवढेच म्हणतात, "सांभाळून जा."

जाणीव होणे ही देवाची देणगी आहे. ज्या देवाने आईच्या पोटी मूल घातले त्यानेच तिला मुलाचा चेहरा वाचण्याची शक्ती दिली. ही शक्ती रात्रभर कण्हण्यासाठी दिलेली नाही.

२. दावीद का बोलला नाही?

आता राजाच्या घराकडे वळू. त्याचा वडील मुलगा अम्नोन दिवसेंदिवस वाळत चालला होता. हे कोणी ओळखले? योनादाबाने, त्याच्या चुलतभावाने. त्यानेच अम्नोनाला तो इतका का खंगला असे विचारले. अम्नोनाने लगेच त्याच्यापुढे मन मोकळे केले. विचार करा: जो प्रश्न बापाने विचारावयाचा तो धूर्त मित्राने विचारला, म्हणून मुलाचे गुपित मित्राच्या हाती गेले, आणि मित्राने त्याला पापाची वाट दाखविली. बाप तर अम्नोनाच्या बिछान्यापाशी येऊन गेला! त्याला पाहिले, त्याने मागितले ते दिले, आणि निघून गेला. मुलाला काय झाले आहे, हे बापाने विचारल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही.

बंधूंनो, मुलाचे मन रिकामे राहत नाही. आईबापांनी विचारले नाही तर दुसरा कोणी तरी विचारतोच. दारूच्या गुत्त्यावर विचारणारा असतो. बिनपरवान्याने व्याजाने पैसे देणारा फार गोड शब्दांत विचारतो. मोबाइलवरील जुगारही तरुणाला जणू हेच विचारतो, "पैशाची अडचण आहे काय?" विचारणारे पुष्कळ आहेत. प्रेमाने विचारणारे थोडे.

पुढे तामारेवर अत्याचार झाला. दावीदाला कळले तेव्हा तो फार संतापला, असे लिहिले आहे. पण अम्नोनाशी काय बोलला ते लिहिलेले नाही. तामारेचा भाऊ अबशालोम दोन वर्षे गप्प राहिला आणि मग त्याने अम्नोनाला ठार केले. त्यानंतर तीन वर्षे तो गशूरास परागंदा राहिला. बापाचा जीव त्याच्यासाठी झुरत होता, पण निरोप गेला नाही. यवाबाने खटपट करून त्याला यरुशलेमेस आणले, तर राजाने त्याला तोंड न दाखविण्याची आज्ञा केली आणि आणखी दोन वर्षे गेली. दोन, तीन आणि दोन, सात वर्षे! त्यांतील शेवटची दोन वर्षे तर एका नगरात राहून बापलेकांची भेट नाही. शेवटी मुलाने यवाबाचे सातूचे शेत जाळले, तेव्हा कोठे त्याच्याकडे लक्ष गेले. मुले शेत जाळतात तेव्हा लोक म्हणतात, किती उद्धट! कोणी तरी आपल्याकडे पाहावे म्हणून ते शेत पेटले होते, हे थोड्यांना कळते.

मग राजाने त्याचे चुंबन घेतले. चुंबन घेतले, पण संभाषण झाल्याचे लिहिलेले नाही. त्यानंतर हाच अबशालोम वेशीत उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला जवळ बोलावून विचारू लागला की तू कोणत्या गावचा, तुझी फिर्याद काय आहे. ज्याला घरी कोणी काही विचारले नाही, तो बाहेर सर्वांना विचारू लागला, आणि त्याने लोकांची मने चोरली.

दावीदासारखा भक्त, ज्याचे हृदय देवापुढे इतके मोकळे होते, तो मुलापुढे मुका का झाला? अकराव्या व बाराव्या अध्यायांत कारण दिसते. त्याच्या स्वतःच्या घरात बथशेबेचे पाप घडले होते. ज्या बापाचे स्वतःचे तोंड काळे झाले आहे, त्याला मुलाकडे मान वर करून पाहता येत नाही. आपल्याकडेही असेच होते. ज्याने तरुणपणी दारू प्यायली तो मुलाच्या तोंडाला वास आला तरी गप्प बसतो, कारण मुलगा उलट म्हणेल, "आबा, तुम्ही काय केले?" ज्याने बायकोला न सांगता शेत गहाण टाकले, तो मुलाच्या कर्जाविषयी कसा विचारील?

आईबापांनो, हे ध्यानात ठेवा. मुलाला विचारण्यासाठी बापाने निष्पाप असावे लागत नाही. तसे असते तर कोणत्याही बापाला विचारता आले नसते. दावीदाने देवापुढे आपले पाप कबूल केले आणि क्षमा मिळविली; तीच क्षमा घेऊन तो मुलापुढे बसू शकला असता. "मीही ह्या वाटेने गेलो आहे, लेकरा, म्हणून मला भीती वाटते," असे जो बाप म्हणू शकतो, त्याचे शब्द मुलाच्या अंतःकरणात शिरतात.

आणखीही कारणे आहेत. एक म्हणजे लोकांची भीती. आपल्या वस्त्या लहान आहेत. एका घरची गोष्ट संध्याकाळपर्यंत दहा घरी जाते. दुसरे म्हणजे मुलाच्या शिक्षणाचा दबदबा. बाप म्हणतो, "तो शिकलेला आहे, मला काय कळते?" तिसरे म्हणजे पैसा. मुलाच्या कमाईवर घर चालते, म्हणून त्याला दुखवावयास आईबाप भितात.

आणि आपल्या भागात एक जुने कारणही आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो पुढे सर्वत्र लागू झाला आणि स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. त्या कायद्याखाली कित्येक घराण्यांच्या आजोबापणजोबांना चौकीवर हजेरी द्यावी लागे. रात्री कोठे होतास, कोणाबरोबर होतास, पैसे कोठून आणलेस, हे प्रश्न त्यांनी शिपायाच्या तोंडून ऐकले. दुसऱ्या कित्येक घराण्यांच्या वडिलांनी पाटलाच्या व सावकाराच्या दारात उभे राहून तसेच प्रश्न ऐकले. अशा घरांत प्रश्न म्हणजे धोका, आणि "सर्व ठीक आहे" म्हणजे ढाल, ही शिकवण पिढ्यान्पिढ्या मुलांना मिळाली. म्हणून आज बाप प्रेमाने विचारतो तरी मुलाला चौकीचा आवाज ऐकू येतो. हा दोष मुलाचा नाही, बापाचाही नाही. पण तो आवाज बदलणे बापाच्या हाती आहे.

३. कसे विचारू नये.

शिलो येथे हन्ना मंदिरात रडत प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली याजकाने पाहिले आणि ती मद्य पिऊन आली आहे असे समजून तिला झिडकारले. त्याने पाहिले खरे, पण पाहताच निवाडाही केला. हन्ना धीराची होती म्हणून तिने उत्तर दिले. दुसरी कोणी असती तर उठून गेली असती आणि पुन्हा मंदिरात आली नसती.

मुलाला दोषी ठरवून प्रश्न करू नये. "काय उद्योग करून ठेवलास?" हा प्रश्न नव्हे, हा निकाल आहे. चारचौघांत विचारू नये. सणाला पाहुणे जमले असताना तर मुळीच नाही. दुसऱ्याच्या मुलाचे उदाहरण देऊन विचारू नये. आणि फार भक्तिमान आईबाप करतात तसे कौटुंबिक प्रार्थनेत देवाचे नाव घेऊन मुलाला टोचू नये. "हे प्रभू, ह्या घरातील भटकलेल्याला शुद्धीवर आण," असे मोठ्याने म्हटले की आपण देवाशी बोलत आहो असे आपल्याला वाटते. पण मुलाला ठाऊक असते की हे बोलणे त्यालाच आहे. तो पुढच्या वेळी प्रार्थनेलाच बसत नाही.

४. कसे विचारावे.

योसेफ मिसर देशात तुरुंगात होता. त्याच्या ताब्यात राजाचे दोन सेवक कैदी होते. एके सकाळी त्याने त्यांचे चेहरे उदास पाहिले आणि आज तुमची तोंडे का उतरली आहेत, असे साधेपणाने विचारले. त्यात आरोप नाही, उपदेश नाही. दिसले ते सांगितले आणि उत्तरासाठी थांबला. तो स्वतःही त्याच तुरुंगात होता, म्हणून त्याचा प्रश्न वरून आला नाही, शेजारून आला.

आईबापांनो, तुम्हीही शेजारून विचारा. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा बरोबर काम करीत असता विचारलेले पुष्कळदा बरे पडते. नीरेच्या कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री आली की बाप व मुलगा उसात दारे धरावयास जातात. अंधार असतो, हातात खोरे असते, पाण्याचा आवाज असतो, एकमेकांचे डोळे दिसत नाहीत. अशा वेळी बापाने एवढेच म्हणावे, "गेल्या महिन्यापासून तू नीट जेवत नाहीस. तू फोन घेऊन बाहेर जातोस. मला काळजी वाटते. काय आहे ते सांगशील काय?" आईने भाजी निवडताना म्हणावे, मुलीबरोबर विहिरीवर जाताना म्हणावे. आपण पाहिले ते सांगावे. ऐकीव सांगू नये.

मुलगा म्हणेल, "काही नाही, सर्व ठीक आहे." तेव्हा शूनेमकरीण आठवावी. तिचा एकुलता एक मुलगा मरून पडला होता. अलीशाच्या सेवकाने ती, तिचा नवरा व मुलगा खुशाल आहेत काय असे विचारले, तर तिने सर्व ठीक आहे असे उत्तर दिले! पण ती संदेष्ट्याजवळ पोहोचताच त्याने ओळखले की तिचा जीव आत कष्टी आहे. गेहजी तिला लोटू लागला, तर अलीशाने त्याला थांबविले. पहिल्या उत्तरावर जो परततो तो गेहजी. दुसऱ्या उत्तरासाठी जो थांबतो तो देवाचा मनुष्य. आज "ठीक आहे" म्हणाला तर आज सोडावे, पण म्हणावे, "बरे, बाळा. पण बोलावेसे वाटेल तेव्हा मध्यरात्रीही मला उठव." आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारावे.

मुलगा बोलू लागला की सर्वांत कठीण काम सुरू होते. ते म्हणजे ऐकणे. मधे तोंड घालू नये. "मी आधीच सांगितले होते," हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नयेत. आई रडली तर रडू दे, पण छाती पिटू नये, नाहीतर मुलाला आपले दुःख सोडून तिचे दुःख सांभाळावे लागते आणि तो मनात म्हणतो, पुन्हा सांगणार नाही.

५. दुःख कर्जाचे असेल तर.

आपल्या भागात तरुणांचे गुप्त दुःख बहुधा पैशाचे असते. आता बारामती तालुक्यात असलेले सुपे हे गाव पाहा. १२ मे १८७५ रोजी तेथल्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि कर्जरोखे काढून त्यांनी जाळले. तो दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. आपण जाळपोळीची स्तुती करीत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: त्या काळी कोण कोणाचा ऋणको आहे हे सर्व गावाला ठाऊक होते. बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई आणि सर्वांचे दुःख सर्वांना दिसे. आज रोखा सावकाराच्या पेटीत नाही, मुलाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. एका ॲपचे फेडण्यासाठी दुसऱ्याचे घेतले, दुसऱ्यासाठी तिसऱ्याचे. आणि शेजारी झोपलेल्या बायकोलाही ठाऊक नाही. कर्ज जुनेच आहे, एकांत मात्र नवा आहे. त्या एकांतात माणसे मरतात.

म्हणून आईबापांनो, मुलाने आकडा सांगितला तर आकड्याला भिऊ नका. कागद घेऊन बसा. कोणाचे किती, व्याज किती, ते लिहून काढा. परवान्यावाचून सावकारी करणे महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकाकडे त्याविषयी अर्ज करता येतो. मोबाइलवरून धमक्या, अब्रू घेण्याच्या गोष्टी किंवा फसवणूक होत असेल तर १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तक्रार करता येते. ज्याने आजवर एकट्याने वाहिले ते दोघांनी वाहिले की अर्धे होते. एकमेकांची ओझी वाहा, ही ख्रिस्ताच्या नियमाची आज्ञा बँकेच्या ओझ्यालाही लागू आहे.

आणि मुलाच्या बोलण्यात "आता जगण्यात अर्थ नाही", "मी नसलो तर बरे होईल" असे शब्द आले, किंवा तो आपल्या वस्तू वाटून टाकू लागला, तर भिडस्तपणा सोडा. सरळ विचारा, "जीव देण्याचा विचार मनात येतो काय?" पुष्कळांना वाटते की असे विचारल्याने नसता विचार डोक्यात येईल. तसे होत नाही, असे वैद्यांचे शिकविणे आहे. उलट विचारल्याने ओझे हलके होते. होय म्हणाला तर त्याला एकटा सोडू नका, घरातील कीटकनाशकाच्या बाटल्या दूर करा, आणि त्याला सरकारी रुग्णालयात घेऊन जा. टेली मानस ह्या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे दिवसरात्र मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. पोलिसांची भीती धरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यावयाचे असतात. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. लूक स्वतः वैद्य होता.

६. मुलगा बोललाच नाही तर.

सर्व करूनही मुलगा बोलत नाही, असे होते. मोनिका नावाची आई उत्तर आफ्रिकेत होती. तिचा मुलगा ऑगस्टीन विद्वान होता, पण त्याने आईचा विश्वास सोडला होता. ती त्याच्यासाठी रडे आणि त्याच्या मागे लागे. ३८३ च्या सुमारास तिला चुकवून, खोटे सांगून तो रात्री जहाजात बसून रोमेस गेला. ती एका बिशपाकडे गेली असता त्याने मुलाशी वाद घालण्याचे नाकारले. त्याला काही काळ राहू दे, त्याच्यासाठी फक्त देवाकडे प्रार्थना कर, असा सल्ला दिला. ३८७ साली मिलान येथे ऑगस्टीनाचा बाप्तिस्मा झाला, आणि मोनिका त्या वेळी तेथे होती. काही दुःखे विचारून उघडतात, काही वाट पाहून. पण वाट पाहणे आणि पाठ फिरविणे ह्यांत फरक आहे. धाकटा पुत्र दूर देशी गेला, तरी बापाची नजर वाटेवर होती. म्हणूनच तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिले.

आपण हेही विसरू नये की मुलाचे गुपित नेहमी पापाचे नसते. बेळगावचे बाबा पदमनजी १८३१ साली जन्मले. तरुणपणी शिकत असता त्यांच्या मनात ख्रिस्ताविषयी विचार सुरू झाले. ते विचार घरच्या धर्माविरुद्ध होते आणि बाप्तिस्मा १८५४ साली झाला. मधल्या काळातील मनाची ओढाताण त्यांनी "अरुणोदय" ह्या आत्मचरित्रात लिहिली आहे. आपल्या मंडळ्यांतील पहिले विश्वासीही अशीच लपविणारी मुले होती. आईबापांना कळू न देता त्यांनी रात्री शुभवर्तमान ऐकले. म्हणून आज आपल्या मुलाच्या मौनामागे काय आहे हे ठरविण्याची घाई आपण करू नये. कदाचित तेथे पाप असेल, कदाचित दुखणे असेल, आणि कदाचित देव त्याच्याशी झगडत असेल.

७. उपदेशकांस दोन शब्द.

गावोगावच्या माझ्या सहकारी उपदेशकांनो आणि बायबलबायांनो, आईबाप पुष्कळदा हे ओझे प्रथम तुमच्याकडे आणतात. त्यांच्या मुलाचे नाव प्रार्थनासभेत उच्चारू नका. "अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा" एवढे म्हटले तरी गाव उरलेले जुळविते. आईबापांच्या वतीने मुलाला विचारण्यास धावू नका. आईबापांनाच विचारण्याचे धैर्य द्या, आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करून त्यांना घरी पाठवा. मुलाला स्वतः यावेसे वाटले तर तुमचे दार उघडे असू द्या. आणि दारी आलेले दुसऱ्याच्या दारी जाऊ देऊ नका.

८. प्रथम विचारणारा बाप.

शेवटी एदेन बागेकडे पाहा. आदाम व हव्वा पाप करून झाडांच्या आड लपली होती. ती लहान मुले नव्हती. जाणती होती, आणि लपण्याचे कारण त्यांना ठाऊक होते. देवाला सर्व ठाऊक होते. तरी तो निकाल घेऊन आला नाही. दिवसाच्या थंड वेळी बागेत फिरत आला आणि तू कोठे आहेस, असे त्याने आदामाला विचारले. जगातील पहिल्या घरात बापाचे लपलेल्या मुलाशी बोलणे ह्या प्रश्नाने सुरू झाले. त्यानंतर त्याने त्यांना चामड्याची वस्त्रे करून घातली. प्रश्न विचारणाऱ्याने त्यांची लाज झाकण्याचे कामही स्वतः केले.

तोच देव ख्रिस्तामध्ये आपल्याकडे आला. दावीद अबशालोमासाठी रडला, त्याच्याऐवजी आपण मेलो असतो तर बरे, असे म्हणाला. पण मरू शकला नाही. आपला देव नुसते म्हणाला नाही. त्याने आपल्यासाठी पुत्राला दिले. ज्या आईबापांना अशा देवाने शोधले आहे, त्यांनी आपल्या मुलाला शोधावयास जाऊ नये काय?

म्हणून ख्रिस्ती आईबापांनो, ह्या रविवारी मुलगा किंवा मुलगी घरी आली, आणि तुमच्या मनात ती जुनी काळजी उठली, तर ती उद्यावर टाकू नका. तो चुलीपाशी बसला आहे तोवर विचारा. निरोप्यांना विचारण्याची वेळ येण्याआधी त्यालाच विचारा.

आणि मुलांनो, तुमच्यातील कोणी हे वाचीत असेल, तर आईबापांचा प्रश्न ओबडधोबड असला तरी तो पारखा. त्यांना चांगले शब्द शिकविणारे कोणी नव्हते. "सांभाळून जा" ह्या दोन शब्दांत त्यांनी रात्रभराचे जागरण बांधून दिलेले असते.

प्रार्थना करू या. हे प्रेमळ बापा, तू आम्हांस लपलेल्या ठिकाणी हाक मारलीस म्हणून तुझे उपकार मानतो. आमच्या घरांतील मुक्या दुःखांना तू पाहतोस. आईबापांच्या जिभेवरील भीती काढ, त्यांच्या शब्दांतून निवाडा काढ, आणि त्यांना ऐकण्याचे कान दे. जी मुले आज रात्री एकटी जागत आहेत त्यांचा जीव राख, आणि आपल्या घराचे दार आपल्यासाठी उघडे आहे असे त्यांना कळू दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.